रिकामा रकाना

डायलिसिस केंद्रात तिला सगळे खात्रीताई म्हणत. घराला कुलूप लावून जिना उतरल्यावर ती परत वर जाऊन ते ओढून बघे. "एक दिवस कुलूपच हात जोडेल तुला," नवरा खालून ओरडे. ती हसे आणि पुन्हा ओढे.

केंद्राचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. पेशंटचं आजचं वजन घ्यायचं, आणि ते वजन व त्यावरून अंगातलं किती पाणी काढायचं ते मशीनशेजारच्या पडद्यावर दाखवायचं. त्यातलं तक्ते वाचणारं पॅकेज, बाहेरून आयतं घेतलेला तुकडा, फार जुनं झालं होतं. बाहेरच्याला आत शिरता येईल अशी फट त्यात सापडली होती. नवी आवृत्ती आजच चढवा, असं साहेबांनी बजावलं होतं.

सकाळच्या पाळीतले पेशंट उठल्यावर मधल्या वेळात तिने ती चढवली. चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. पुन्हा चालवल्या. हिरव्याच.

"झालं का?" साहेब दारात उभे होते.

"काय काय बदललंय ते जरा वाचते."

"पेशंट येऊन बसलेत, खात्रीताई. हिरवं दिसतंय ना? आता काय तोंडी परीक्षा घ्यायचीय?"

ती हो म्हणाली, पण तिला बसवेना. उठून ती वॉर्डात गेली.

"आल्या सासूबाई तपासणीला," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. हात मात्र थांबला नाही. नळ्या जोडल्या जात होत्या, एकेक मशीन सुरू होत होतं. ती पडद्यांवरून नजर फिरवत गेली. खिडकीशी ड्रायव्हरदादा: वजन एकसष्ट पूर्णांक चार. शेजारी चाकांच्या खुर्चीतून आलेले शिंपीकाका: एकसष्ट पूर्णांक चार.

दोन माणसं, आणि दशांशापर्यंत एकच वजन?

शिंपीकाकांना उभं राहता येत नसे. दारात वजनं टिपणाऱ्या सिस्टर त्यांचा रकाना मुद्दाम रिकामा सोडत. पडद्यावर वजन दिसलं नाही की मोठ्या सिस्टर त्यांना खुर्चीसकट तोलत. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, अंगवळणी पडली होती. आणि चाचणीचा तक्ता तिने स्वतः बनवलेला, नीटनेटका, एकही रकाना रिकामा नसलेला. नव्या आवृत्तीने रिकाम्या जागेत वरच्या ओळीतला, ड्रायव्हरदादांचा आकडा भरून टाकला होता.

सिस्टरचं बोट काकांच्या मशीनच्या बटणापाशी पोचलं.

"थांबा!" तिचाच आवाज तिला ओळखू आला नाही. "काकांचं वजन कोणी केलंय?"

"पडद्यावर आहे म्हणजे दारात केलंच असणार की..." बोलता बोलता सिस्टरचा चेहरा उतरला. बोट मागे आलं.

काकांना तोललं. चांगलेच हलके भरले. तेवढं जास्तीचं पाणी ओढलं गेलं असतं तर... पुढचं तिने मनात येऊ दिलं नाही. बाकीचे पडदे ताडून पाहिले. आणखी कोणाचा रकाना रिकामा नव्हता.

"दुसऱ्याच्या मापाचा सदरा चढवत होतात की काय मला?" काकांनी विचारलं.

"हो काका. बेतला मीच होता."

"मग उसव," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

तिने जुनी आवृत्ती परत बसवली. मग चाचणीच्या तक्त्यात एक ओळ वाढवली, शिंपीकाकांची, आणि वजनाचा रकाना रिकामा ठेवला. बाजूच्या संगणकावर नव्या आवृत्तीपुढे तो तक्ता ठेवला. लाल.

"आता काय?" साहेब पुन्हा दारात.

"फट उघडीच आहे, तोवर इंटरनेटची जोडणी काढून ठेवा," ती मान वर न करता म्हणाली. "नवी आवृत्ती आज चढणार नाही."