गल्लीतलं लढाऊ जहाज आणि मामांचा आवाज

आमच्या गल्लीला समुद्र न्हाय. पंचगंगा फुगली की पाणी खालच्या तीन रस्त्यांच्या तिकटीपर्यंत येतं, पण तेवढ्यावर लढाऊ जहाज चालत न्हाय. तरी एका वर्षी गणपतीच्या सजीव देखाव्याला आमच्या मंडळानं जहाजच बांधायचं ठरवलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचं, शिडाचं, दोन्ही अंगांनी तोफा बाहेर काढलेलं. अध्यक्षांनी मोबाईलवर बघितलं हुतं. जहाज इंग्रजाचं का आपलं, यावरनं पहिल्याच मिटिंगला भांडण लागलं. शेवटी भगवा लावायचा आणि इतिहासाचं नंतर बघायचं, असं ठरलं.

सामान जमवायला लई मजा आली. डोलकाठीला निलगिरीचे वासे आले. शिडाला मांजरपाटाचे तागे आले, आणि गल्लीतल्या बायकांनी शिवणयंत्रं दारात काढून ते जोडले. कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास अजून कुठं आला की मला जहाजच आठवतं. दोर उसाच्या ट्रॉल्यांचे, ते घेऊन शिरोळचे पावणेच मदतीला आले. तोफा म्हणजे काळा रंग मारलेले ड्रेनेजचे पाईप. कप्तानाच्या कोटाची बटणं माझ्या हुपरीच्या आत्तीनं दिली, पैंजणाच्या कामातली उरलेली. खरी चांदी हाय का म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुझ्या हातात चांदी द्यायला मला काय याड लागलंय?

अवघड गेला तो जहाजाचा कारभार. असल्या जहाजावर म्हणे एकेका गोष्टीला माणूस नेमलेला असायचा. दारूगोळ्याला एक, शिध्याला एक, शिडांना एक, जखमा शिवायला एक, आणि सगळ्यांवर कप्तान. आम्ही पदं वाटायला बसलो, तर साखर कारखान्याच्या निवडणुकीगत झालं. सगळ्यांना अधिकारी व्हायचं, खलाशी व्हायला कोण तयार न्हाय. शेवटी तालमीतले पैलवान खलाशी झाले, कारण खलाशांना उघड्या अंगानं फिरायला मिळणार हुतं. शिध्याचा कारभार ज्याच्याकडं दिला, त्यानं पहिल्याच दिवशी पिंपातली लिंबं सरबताला काढली. महिनोन् महिने समुद्रावर राहून खलाशांच्या हिरड्या सुजू नयेत म्हणून ती लिंबं असतात, हे अध्यक्ष त्याला समजावत हुते, आणि तो दुसरा गिलास भरत हुता.

कप्तान कोण, हा प्रश्न खरं तर पडायलाच नको हुता. कुठलाबी देखावा असू दे, राजा असो न्हायतर राक्षस, मोठं काम आमच्या गल्लीतल्या मामांचंच. मामांच्या घरी म्हशी. सकाळी ते दारातनं नुसतं "चल गं" म्हणाले की म्हशी उठायच्याच, वर पलीकडच्या गल्लीतली पोरंबी शाळेला उठायची. त्या आवाजाला माईक लागायचा न्हाय. मी त्यांची नक्कल शाळेत असल्यापासनं करायचो. आधी खाकरायचं, मग पहिल्या शब्दावर सगळा भार टाकायचा, आणि शेवटी "कळलं का न्हाय". त्यांच्यासमोर केली की ते चप्पल काढायचे, पण सगळी ऐकून झाल्यावर.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजबी गेला. बोलायला गेले की नुसता वारा निघायचा. मिटिंगला ते कोपऱ्यात बसले हुते. अध्यक्ष जमिनीकडं बघत म्हणाले, यंदा मामांना जरा विश्रांती देऊ, त्यांनी पुढं खुर्चीत बसून बघायचं. मामांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि उठले. मामी दारातच उभ्या हुत्या. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "घरात खुर्चीतच बसून असत्यात की. तेवढ्यासाठी मंडळ कशाला पायजे?"

मला काय सुचलं म्हायती न्हाय. मी खाकरलो आणि मामांच्या आवाजात ओरडलो, "बसा खाली. कप्तान मीच हाय, कळलं का न्हाय."

 पलीकडं गोठ्यात म्हशी उठल्या, त्यांच्या साखळ्या वाजल्या. मामा दारात थांबून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता चप्पल. पण ते परत आले आणि आपल्या जाग्यावर बसले. अध्यक्षांनी पुढचा विषय काढला.

मग आमचा दोघांचा सराव सुरू झाला. डोलकाठीच्या मागं एका फळीआड मी माईक घेऊन बसायचो आणि मामा पुढं उभे. त्यांनी कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला की मी बोलायचं, हात काढला की गप. दारूगोळा कोरडा हाय का, पाणी भरलं का, हजेरी घ्या, असं करत करत शेवटी "शीड सोडा". मी एखादा शब्द पदरचा घातला की ते मागं न बघता टाचेनं फळीवर लाथ घालायचे.

पहिल्या संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामींनी पुढची जागा धरलेली. हजेरी झाली, पिंपं चढली, सगळं बेस. मामांनी हात पट्ट्यावर ठेवला, मी "शीड सोडा" म्हणालो, पैलवानांनी दोर ओढला. शीड सुटलं न्हाय. परत ओढला, तरी न्हाय. झालतं असं, की शीड गुंडाळून बांधलं हुतं ट्रॉलीवर ऊस आवळणाऱ्या पावण्यांनी, आणि सवयीनं त्यांनी ट्रॉलीचीच गाठ मारलेली. ती जेवढी ओढाल तेवढी आवळते, न्हायतर ऊस कारखान्यापर्यंत पोचायचाच न्हाय. त्यात ओढणारे पैलवान. डोलकाठी वाकायला लागली, लोक हसायला लागले, आणि अध्यक्ष पडदा पाडायला पळाले.

मामा गर्रकन मागं वळले. पाठ लोकांकडं, तोंड माझ्याकडं. हात पट्ट्यावर नव्हता, पण तोंड चालू झालं हुतं. फळीच्या फटीतनं मला ते दिसत हुतं, आणि कानानं ऐकायची मला गरज नव्हती.

"ओढू नका रं म्हशीच्यांनो," मी बोलायला लागलो, "गाठ हाय ती, रेडा न्हाय. आधी ढील द्या. वर चढा कोणतरी हलकं. तू नको, तू चढलास तर जहाज बुडंल."

पैलवानांनी दचकून दोरच सोडला. त्यांना वाटलं खरंच मामा ओरडले. मल्लखांबवाला एकजण सरसर वर गेला, गाठ सैल केली, आणि सगळा मांजरपाट फडफडत उलगडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना हे देखाव्यातलंच वाटलं. अध्यक्ष पडद्याची दोरी धरून तसेच उभे.

पडदा पडल्यावर मामा पिंपावर टेकले, घाम पुसला आणि मला जवळ ओढलं. कानाशी येऊन त्या वाऱ्यानंच म्हणाले, "म्हशीच्यांनो म्हणालो नव्हतो मी."

मग काय म्हणालासा, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते इथं लिहिता येत न्हाय. गणपतीसमोर मी सभ्य करून घेतलं, हे मंडळाचं नशीबच. दुसऱ्या दिवशी लोक गाठीचा तोच गोंधळ बघायला आले, म्हणून विसर्जनापर्यंत रोज मुद्दाम ट्रॉलीचीच गाठ मारायची, असं खुद्द कप्तानानं ठरवलं. कुणाची हिंमत हुती न्हाय म्हणायची?

आता गल्लीत देखाव्याला मोठा स्क्रीन लावत्यात. मी पुण्यात असतो, नकलांचे कार्यक्रम करतो. रविवारी मामांचा व्हिडिओ कॉल येतो. ते तिकडनं तोंड हलवत्यात, मी इकडनं त्यांच्या आवाजात बोलतो. परवा त्यांनी मला गावाकडं कधी येणार म्हणून विचारलं, म्हणजे मीच मला विचारलं, आणि येत न्हाय म्हणून मीच मला झापलं. मग त्यांनी बोटांनी कपाचा आकार केला, तर मी चहाबी मागितला, चांगला ठणकावून.

मागनं मामींचा आवाज आला, "ठेवलाय की. ओरडताय कशाला?"