सातवा वाफा

आमच्या कॉलेजच्या वनस्पती उद्यानात सर्वांत चांगलं संवर्धन झालं ते संगमरवरी पाट्यांचं. पाहुणा आला की त्याच्या हस्ते एक रोप लागे आणि रोपापुढे त्याच्या नावाची पाटी. पाहुणा गाडीत बसला की रोप मान टाकी. पाटी मात्र कुठल्याही दुष्काळात तगली. फाटकावर ‘संशोधन व संवर्धन केंद्र’ असं लिहिलेलं होतं. आत अशोकाच्या दोन रांगा होत्या.

कॉलेज सहकारी साखर कारखान्याच्या मंडळींनी काढलेलं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, त्यामुळे ऊस आणि शिक्षण यांत फरक करण्याची गरज कुणाला वाटली नाही. मी तिथे ग्रंथपाल होतो. माझी थोरली बहीण वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि उद्यान सांभाळायची. ताई गेली, त्याला आता दोन महिने झाले.

सातवा वाफा तिचा होता. कपिलधारच्या डोंगरातून तिने खरपुडीचे कंद एकेक करून आणले होते. कंदिलासारखं इवलं फूल येणारी ही वेल डोंगरात दिसेनाशी होत चालली होती. ताई तिच्या फुलांच्या, शेंगांच्या नोंदी ठेवायची आणि बी धरलं की ते पुन्हा डोंगरात नेऊन पेरायची. त्या वाफ्याला तिने मुद्दाम पाटी लावली नव्हती. “ज्यांना पाटी वाचता येते तेच उपटून नेतात,” ती म्हणायची.

एका दुष्काळी उन्हाळ्यात कॉलेजात तपासणी समिती यायची होती. गावाला आठवड्याने टँकर मिळायचा. उद्यानाला कारखान्याचा टँकर रोज मिळू लागला, कारण समितीला हिरवं दिसायला हवं होतं. ताई परीक्षेच्या कामाला केजला गेलेली. अध्यक्षांनी मला बोलावलं.

“ग्रंथपाल, तुमचं अक्षर बरं हाय. बागेचं रजिस्टर तुमीच भरा.”

मी वही घेऊन फिरलो. ‘सद्यस्थिती’च्या रकान्यात अशोकापुढे ‘उत्तम’ लिहिलं. सातव्या वाफ्याकडे पाणी वळवलेलं नव्हतं; तिथे भेगाळलेली माती होती. मी चष्मा पुसून, वाकून पाहिलं आणि शिकलेल्या माणसाला शोभेल अशा प्रामाणिकपणे लिहिलं : रिकामा.

रजिस्टर वाचून लगेच कार्यवाही झाली, असं त्या संस्थेत तेवढं एकदाच घडलं. दुसऱ्याच दिवशी सातव्या वाफ्यात लॉन लावायला माणूस आला. ऊसतोडीहून नुकताच परतलेला गडी. ताई केजहून परतली आणि बॅग खांद्यावर तशीच घेऊन उद्यानात आली, तेव्हा तो खणलेल्या मातीशेजारी बसून जेवत होता.

“इथले कंद कुठायत?” ताईने विचारलं.

“खाल्ले की म्याडम. लई ग्वाड व्हते.” तो खुशीत होता. “ल्हानपणी शेरडं राखताना डोंगरात खायचो. पर येका जागी इतके कधी घावले न्हाई बगा. कुनी पेरले व्हते का काय?”

ताईच्या कामाची इतकी नेमकी दाद कुठल्याही समितीने दिली नव्हती. उद्यानातलं संशोधन थेट लोकांपर्यंत पोचलं, तेही त्याच दिवशी.

“एकही उरला नाही?”

“दोन हायेत. पोरीसाठी ठिवलेत.” त्याने शर्टाचा खिसा चाचपला. ताईने आपला न उघडलेला डबा त्याच्यापुढे ठेवला आणि हात पसरला.

मला ती रागावली नाही. घरी येताना एवढंच म्हणाली, “अरे, खरपुडी उन्हाळाभर मातीखाली झोपते. लिहिण्याआधी मला विचारायचंस.”

समितीने लॉनची तारीफ केली. समिती गेली, टँकर थांबला, लॉन वाळलं. ते दोन कंद आमच्या गच्चीवर दोन कुंड्यांत राहिले. त्यांना एकदाही शेंग धरली नाही, त्यामुळे डोंगराला परत देण्यासारखं ताईच्या हाती पुन्हा काही आलं नाही.

ती गेली ती भर उन्हाळ्यात. दहाव्याला आलेली मावशी गच्चीवर म्हणाली, “ह्या रिकाम्या कुंड्या कावून ठिवल्यात रे?”

“रिकाम्या नाहीत, मावशी.”

“मग पानी तरी घाल.”

मी तांब्या भरून आणलाही. झोपलेल्या कंदाला पाणी दिलं की तो कुजतो, हे ताईने मला त्या उन्हाळ्यानंतर पाठ करून घेतलं होतं. तांब्या तसाच खाली नेला. पुढे रोज गच्चीवर जायचो आणि काहीही न करता परत यायचो. एवढं अवघड काम मी नोकरीत कधी केलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका कुंडीत दोऱ्याएवढा कोंब दिसला. ताईची नोंदवही काढून मी तारीख टाकली. दुसऱ्या कुंडीत अजून नुसती माती आहे. तिच्यापुढचा रकाना मी भरलेला नाही.