ग्रुपचं उद्घाटन

मोबाईलवरच्या ग्रुपचं उद्घाटन करायचं नसतं, हे मी तात्यांना परोपरीनं सांगितलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, सांगवीत सोसायटीचे संचालक. ते म्हणाले, "येवढं चांगलं काम केलंस आन् नारळ न्हाय फोडायचा व्हय? लोकं काय म्हणतील?" पालथ्या घड्यावर पाणी.

मी स्वमग्न आहे. ऑटिझम. बारामती एमआयडीसीत दुधाच्या लॅबमध्ये नोकरी करते, काम चोख करते, पण चार माणसं एकदम बोलायला लागली की मला एकाचंही कळत नाही. हे असं का, ते मला तिशीत कळलं. तोवर मी नुसतीच आखडू होते. माझ्यासारखी माणसं आपल्याकडं आणखी असणारच, म्हणून ग्रुप काढला. फोन करायचा नाही, आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा नाही, गुड मॉर्निंगची फुलं तर अजिबात नाहीत. उत्तर चार दिवसांनी दिलं तरी चालेल.

त्यात निमगाव केतकीची एक मुलगी होती, पंचविशीची. घरचे तिला मुकीच समजायचे. भावाचा जुना फोन तिच्याकडं होता. बरेच दिवस ती नुसती वाचायची. मग एकदा तिनं विचारलं, "घरात मिक्सर लावला की तुम्ही कुठं जाता?" उत्तरं आली: गोठ्यात, न्हाणीत, गच्चीवर. त्यानंतर ती जी लिहीत सुटली, की विचारू नका. वहिनीबद्दल, ब्लाउजच्या टोचणाऱ्या शिवणीबद्दल, राहून गेलेल्या शाळेबद्दल. मला फार आनंद व्हायचा.

आणि तात्यांनी काय करावं? माझ्या हातातून फोन घेऊन स्वतःला ग्रुपात घातलं, सगळ्यांचे नंबर उतरवून घेतले आणि घरोघरी आमंत्रणं केली. हौसेला मोल नाही. इंदापुरात मंगल कार्यालय घेतलं. दारात हलगी, आत किंचाळणारा माईक. ज्यांना कपड्याची शिवण सोसत नाही, त्यांच्या डोक्याला करकचून फेटे! मी हात जोडले, ओरडले, शेवटी रडले. "पोरगी भारावून गेली," असं तात्यांनी माईकवरून जाहीर केलं.

निमगावच्या त्या मुलीला तिचा भाऊ मोठ्या कौतुकानं घेऊन आला होता. शाल घालून झाल्यावर तात्यांनी तिच्या तोंडापुढं माईक धरला. "बोल बाळ, दोन शब्द." ती कान दाबून खाली बसली. लोक हळहळले, भावानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ती ग्रुपात नव्हती. तात्यांनी टाकलेले सत्काराचे फोटो मात्र ढिगानं होते.

फोनवर बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. तरी मी तिच्या भावाला फोन लावला.

"ताई, ती तितं एक शब्द बोलली न्हाय. मंग फोनवर काय लिवती? दुसरंच कुणीतरी लिवत आसंल. घेतला काढून."

"तीच लिहीत होती," मी कसंबसं म्हणाले.

"आवो, ती बरी हाय. जेवती, झोपती. आता तिला आजून काय पायजे?"

उत्तर मला पाठ होतं. तिनंच ते ग्रुपात पानभर लिहिलं होतं. पण ते तोंडानं सांगायचं होतं, आणि माझी दातखीळ बसली. दोनदा "हॅलो, हॅलो" करून त्यानं फोन ठेवला.