आईची गोष्ट, भाग पहिला

आमच्या धंद्यात गोष्ट वाचत नाहीत, ऐकतात. लेखकाने स्टुडिओच्या ऑफिसात बसून अख्खा सिनेमा तोंडी सांगायचा, त्याला म्हणायचं नॅरेशन. दार वाजलं, बाळ रडलं, नायिका कोसळली, सगळं आपणच करायचं. समोरचे फोन बघत असतात. अंधेरीच्या त्या ऑफिसात मात्र कथा विभागातली मुलगी फोन उलटा ठेवून ऐकत होती, आणि शेवटी चक्क रडली. मला वाटलं, पास! रडली म्हणजे पास, एवढीच अक्कल मी इतकी वर्षं या लाइनीत राहून कमावली होती. येताना आईसाठी तिच्या आवडीचा मालवणी खाजा घेऊन आले.

गोष्ट आईचीच होती. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात ती आया होती, पोरांची पहिली आंघोळ तिच्या हातची. सिनेमात निवृत्त झालेली आया ती पोरं शोधत फिरते. कोणी रिक्षावाला झालाय, कोणी वकील, कोणी तुरुंगातून सुटून आलाय. आणि मला घाई होती. आईच्या डोळ्यांची आतून झीज चाललीय. कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहराच पुसट होतो. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तिला दिसतंय तोवर ती पडद्यावर यायला हवी होती. बाकी मला काही नको होतं. बरं, नाव हवं होतं, पण आधी हे.

आठवड्याभराने त्या मुलीने बोलावलं. बोरिवलीची, माझ्या भाचीच्या वयाची. "ताई, मी रडले ते खोटं नव्हतं हं," ती म्हणाली. "पण वरचे एकच विचारतात, या पात्रांना लोक आधीपासून ओळखतात का? मागे एका नव्या गोष्टीसाठी मी खूप भांडले. लोक आलेच नाहीत. ज्या सरांनी माझं ऐकलं, त्यांची नोकरी गेली. ते अजून मला फोन करून विचारतात, जेवलीस का." मग हळूच म्हणाली, "त्या दोन भावांची कॉमेडी आहे ना, तिचा तिसरा भाग करतोय. तुमची आया त्यांची आत्या केली तर? लगेच होईल."

माझं डोकंच सटकलं. आत्या म्हणे! माझी आई काय फोडणीतला कढीपत्ता आहे? "विचार करते," म्हणाले आणि निघाले. पण ते "लगेच होईल" काही डोक्यातून जाईना.

रविवारी आईला मॉलमध्ये सिनेमाला नेलं. एक नवाकोरा सिनेमा होता, सगळे चांगला म्हणत होते. आणि दुसरा, त्याच दोन भावांचा दुसरा भाग. आईने भाऊ निवडले.

"आई, तेच ते काय बघायचं गं? नवीन बघू ना!"

"नवीन माणसांची तोंडा माका आता कळनत नाय," आई म्हणाली. "कोण कोण ता कळापर्यंत इंटरवल येता. ह्या दोघांका मी आवाजावरना वळखतंय."

मी भावांची तिकिटं काढली. आत अंधारात ती विनोद यायच्या आधीच हसत होती. मला कुणाचाच राग करता येईना, ना त्या मुलीचा, ना तिच्या वरच्यांचा. गुडघे सांभाळत एवढ्या लांब आलेल्या माणसाला तिथे कोणीतरी ओळखीचं भेटावंसं वाटणारच.

घरी चहा घेताना आत्याचं सांगून टाकलं. वाटलं, खूश होईल. आईने हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं.

"पण त्या दोघांका मी कधी गो आंघोळ घातलंय?"

झालं! संपला विषय. मी फोन करून 'नको' म्हणून कळवलं. "मला वाटलंच होतं, ताई," ती मुलगी म्हणाली, आणि "काकूंना नमस्कार सांगा." सिनेमा गेला होता. आईला तो आता दिसणार नव्हता.

"तू लिवलंस काय, ता तरी सांग," आई म्हणाली.

अगं बाई! अंधेरीतल्या परक्यांना सांगत फिरले, आणि हिला एकदाही नाही. मग तिथेच, स्वयंपाकघरात सुरू केलं. दार वाजलं तिथे ओटा वाजवला, बाळ रडलं तिथे रडून दाखवलं. आई डोळे मिटून ऐकत होती. ही पोरं मी तिच्याच तोंडून ऐकलेली, पुढे कोण येणार ते तिला माहीत होतं, म्हणून रिक्षावाला यायच्या आधीच हसली, आणि तुरुंगवाल्याच्या आधी तिने माझा हात धरला. संपलं तेव्हा ती पदराने डोळे पुसत होती. या वेळी रडण्यावरून मी काहीच ठरवलं नाही.

"उद्या परत सांग," आई म्हणाली. "हीच सांग हां. नवीन काय घालू नको."