लांब रोटीची मजुरी

“आचाऱ्याले पैसे द्या. बायांले रस्सा बांधून द्या.”

मालक खुर्चीतूनच बोलले. आर्णीजवळच्या गावात त्यांच्या नातवाचं जावळ होतं, मटणाचं जेवण. आचाऱ्याला पाकीट, वर दुपट्टा-टोपी. मी आणि माझी जाऊ सकाळपासून चुलीपुढे, उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकत होतो. दोघींचे हात कोपरापर्यंत भाजलेले. आमच्या पुढ्यात कॅरीबॅग आली. रस्सा आणि हाडं.

मी ती घेतली. घरी नेऊन रस्सा पोरांना वाढला. सांगताना आजही लाज वाटते. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, वेचणीची मजुरीही घटली होती. पोरं जेवली. मी त्यातलं काही खाल्लं नाही.

लांब रोटी कुणालाही येत नाही. कणीक पाणी मारून आपटत राहायची, हातावरून ओघळेपर्यंत. मग हातांवर झुलवत ताणायची आणि फाटायच्या आत मडक्यावर टाकायची. आईजवळ शिकताना मी वर्षभर नुसत्या फाडल्या. तरी लोक म्हणणार, बाईचंच काम, त्याचे कसले पैसे!

पुढच्या वर्षी दुसऱ्या नातवाचं जावळ. पुन्हा बोलावणं. कणीक तयार झाली तेव्हा मी मालकांना म्हटलं, “आचाऱ्याले देता तेवढीच मजुरी आमाले पायजे. दोघींलेबी. नगद.”

ते हसले. “तू कवापासून आचारी झाली वं? घरी पोया नाई लाटत काय?”

“मंग आचाऱ्यालेच टाकू द्या रोट्या.”

मी हात धुतले. जाऊ घाबरली, पण तिनेही धुतले.

मालकांनी खरंच आचाऱ्याला बसवलं. त्याने पिठी लावून लाटायला घेतली. पहिली पोळपाटाला चिकटली. दुसरी चुलीत पडली. तिकडे पंगत बसली, मटण वाढून झालं, रोटीचा पत्ता नाही. मालकीणबाई धावत आल्या.

“टाक ना बाई, इज्जत जाते आमची.”

“आमची मांगच्या वर्षीच गेली, मालकीणबाई.”

मालकांनी लांबूनच नोटा माझ्या पदराकडे फेकल्या. मी उचलल्या नाहीत.

“हातात द्या.”

सगळी पंगत बघत होती. ते वाकले, नोटा उचलल्या, माझ्या ओल्या हातावर ठेवल्या. जावेच्याही. मग आम्ही मडकं तापवलं.

गावात म्हणतात, बाई माजली. म्हणू देत. आता कणीक भिजवायच्या आधी मी मजुरी सांगते. ज्याला परवडत नाही, त्याने भात खावा.