आजी शेजारी बसली होती

लेकाच्या गाडीच्या मागच्या सीटला अजून माझ्या बायकोच्या खोबरेल तेलाचा वास येतो. आधी ती पुढंच बसायची. नात तेव्हा गाडी शिकत होती, तिला डॉक्टर व्हायचं होतं. इथं आयर्लंडात शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवालं माणूस लागतं. पोरीला नियम ठाऊक होता, पण हिनं बोलूच दिलं नाही. "मी मोठी हाय ना बरोबर? चल!" बारीक पावसात दोघी स्वोर्ड्स गावात कोथिंबिरीला निघाल्या आणि पोलिसानं अडवलं. "मी हाय की, आजी हाय तिची!" ही त्याला मराठीत ठणकावत होती म्हणे. त्याला काय कळणार डोंबल! दंड झाला. तेव्हापासून ही मागं बसायला लागली. हिचं एकच, "माझ्यापायी पोरीची डॉक्टरकी गेली." पोरीनं कॉलेजला विचारलं, तर असल्या दंडानं अ‍ॅडमिशन अडत नाही म्हणाले. "इट्स ग्रँड, आजी, काही होत नाही!" पण हिला ते खरं वाटलं नाही. ती मागंच बसत राहिली, आणि निकालाआधीच गेली. आता नात मेडिकलला आहे, लायसन्सही पक्कं झालंय. "आबा, कम ऑन, पुढं बसा ना!" मी बसत नाही. मागं बसलं की हिला हळूच सांगता येतं, "झाली गं अ‍ॅडमिशन."