सर्व्हरचे सर्वाधिकार

नवीन जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत मी कॉम्प्युटरची कामं बघायचो. नवा लिनक्स सर्व्हर बसला त्या दिवशी इंजिनिअरने विचारलं, "सगळे अधिकार असलेलं अ‍ॅडमिनचं खातं कोणाला द्यायचं?"

शेठ म्हणाले, "कंपनी माझी, मंग अधिकार बी माझाच. बराबर?"

इंजिनिअर त्यांना पासवर्ड देऊन निघून गेला. माझ्या साध्या खात्यावरून प्रिंटरसुद्धा जोडता येईना. "तुम्हाला परवानगी नाही, ही घटना कळवली जाईल," असं स्क्रीनवर इंग्रजीत यायचं. मग मी शेठना बोलवायचो. ते व्यापाऱ्यांना केबिनमध्ये बसवून यायचे, मला भिंतीकडे तोंड करायला लावायचे आणि एका बोटाने पासवर्ड टाकायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सणवार मला पाठ झाले.

एकदा ते भाच्याच्या हळदीला गेले असताना सर्व्हर अडला आणि मी फोन केला. ते तसेच माखलेल्या हातांनी आले, कीबोर्ड पिवळा केला आणि ओरडले, "घाल तुझं नाव त्यात! मला न्हाई पाहिजे हे राज्य."

मी सांगत गेलो, ते टाइप करत गेले आणि मी अ‍ॅडमिन झालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफसमोर शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. मला खरंच भरून आलं. टाळ्या थांबल्यावर हिशेबनीस जवळ येऊन म्हणाले, "आता तुम्ही अ‍ॅडमिन झालात, तर बाथरूमचा नळ तेवढा बघा. कव्हाचा गळून राह्यलाय."